संत क्राउटगार्टनर आणि अर्ध्या भाड्याचं विमान

गुरुवारचा बाजार उठला की आमचं अख्खं रेदेनी गाव जुन्या चित्रपटगृहात जाऊन बसायचं. तिथे सिनेमा दाखवणं केव्हाच बंद पडलं होतं. आता तिथे विमानाची तिकिटं प्रकट होत.

रंगमंचावर पामफिलबाबा उभा असे. काळा झगा, कंगव्याने विंचरलेली दाढी आणि गळ्यात एवढा मोठा क्रूस की बाबा वाकला की तो गुडघ्यावर आपटायचा. मागे प्रवाशांचे रक्षणकर्ते संत निकोलाई यांची तसबीर. एका बाजूला लाल मखमली पडदा आणि पडद्याआड भगिनी सेराफिमा ध्यानाला बसलेली. भक्ताने पुढे यायचं, कुठे जायचं ते सांगायचं आणि निम्मं भाडं दानपेटीत टाकायचं. मग बाबा प्रार्थनेची पोथी उघडून चर्चमधल्या सुरात मंत्र आळवायला लागे. आधी कुणा संताचं नाव, मग नुसते आकडे. चार आकडे म्हणायचे, उसासा टाकायचा, पुन्हा चार आकडे. पडद्याआडून टकटक ऐकू येई, मग घरघर, आणि पडद्याखालून एक कागद सरपटत बाहेर येई. किशिनाव या आमच्या राजधानीहून इटलीतलं बोलोन्या. किशिनावहून रोम. नाव भक्ताचं, तारीख उद्याची.

"अर्धं तुम्ही दिलंत, अर्धं संतांनी," बाबा म्हणे. "संतांच्या घरी पैशाला काय तोटा?"

बायका छातीवर क्रूस काढत, पुरुष टोप्या काढत. मी मधमाश्या पाळतो, डंख पाहिल्याशिवाय माशीवर विश्वास ठेवत नाही, पण खरं सांगतो, तो कागद सरपटत आला की माझ्याही अंगावर काटा यायचा. कारण ती तिकिटं चालत होती. आमच्या गावात घरं मोठी आणि माणसं थोडी. माणसं सगळी इटलीत, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. विमानाच्या भाड्यापायी आया लेकरांना वर्षवर्ष भेटत नसत. आणि आता शेजारची पारास्किवा सकाळी गेली ती संध्याकाळी बोलोन्यातून लेकीच्या गळ्यात पडलेला फोटो पाठवत होती. चमत्कार याहून वेगळा काय असतो?

मंत्रही गावाला पाठ झाले. ज्याच्या तिकिटाला जो मंत्र, तो त्याने जपायचा. कुणी तो दुखऱ्या गुडघ्यावर म्हणे, कुणी अंड्यावर न बसणाऱ्या हंसिणीवर. हंसीण बसली, तेव्हा तर गावात मिरवणूकच निघायची बाकी होती. फक्त आमचे म्हातारे पाद्री कुरकुरत. या संतांपैकी एकही पंचांगात सापडत नाही, असं ते म्हणत, आणि सगळ्यांत खटकायचं ते हे की या संतांना आडनावं होती.

माझी बायको अग्लाया शाळेत गणित शिकवते. ती या दरबाराकडे फिरकली नाही. मात्र बाबाचे नियम तिने माझ्याकडून नीट ऐकून घेतले. तिकीट निघायच्या आदल्या दिवशीच घ्यायचं, कारण श्रद्धा शिळी झाली की आंबते. परतीचं तिकीट मिळणार नाही. विमान कंपनीला फोन करायचा नाही, आणि विमानतळावर बाबाचं नाव काढायचं नाही.

"देवाला एवढी घाई कशाची असते?" तिने विचारलं.

पुढे काही जण विमानतळावरून परत यायला लागले. तिकीट रद्द झालंय, एवढंच त्यांना सांगितलं जाई. ट्रकवाला तुदोर भडकून दरबारात गेला. बाबाने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि विचारलं की उपवासाच्या दिवसांत काय खाल्लंस? तुदोर लाल झाला. त्याने सॉसेज खाल्लं होतं. झालं, तुदोरच बाबाची माफी मागून आला. त्यानंतर जो जो परत आला त्याला आपापलं सॉसेज आठवलं. कुणी नवऱ्याशी भांडली होती, कुणी शेजाऱ्याच्या द्राक्षवेलीला हात लावला होता. निष्पाप माणूस आमच्या गावात तरी एकही निघाला नाही.

माझ्या सासूबाई, एव्दोकिया, आमच्याकडेच राहतात. त्यांची धाकटी लेक ल्युबा इटलीत पादोव्यात असते आणि तिला पहिलं मूल होणार होतं. आम्ही त्यांच्यासाठी तिकिटाचे पैसे जमवत होतो, पण सासूबाईंना धीर कुठला. त्या गुपचूप बाबाकडे गेल्या. एवढ्या आधी तिकीट नको, असं बाबा सांगत होता. पण सासूबाई आणि 'नको' यांची कधी गाठच पडलेली नाही. तिकीट घेऊनच त्या उठल्या. त्यांच्या वाट्याला आले संत गेरहार्ड क्राउटगार्टनर.

प्रवासाच्या दिवशी त्या चीज, अक्रोड आणि स्वतः विणलेली बाळाची दुलई घेऊन विमानतळावर गेल्या. तिथे खिडकीवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, मग पोलिसांना बोलावलं. ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच्या मालकाने तक्रार केली होती. लिंत्स शहरातले गेरहार्ड क्राउटगार्टनर कोण, हे पोलिसांनी त्यांना विचारलं. ते संत आहेत, असं सासूबाईंनी मनापासून सांगितलं. पोलिसांना वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. दिवसभर बसवून ठेवलं, पिशवीतलं चीजसुद्धा सुरीने कापून पाहिलं. त्या तिथे बाकावर बसलेल्या असतानाच पादोव्यात ल्युबाला मुलगा झाला.

घरी आल्यावर त्या बाबावर चिडल्या नाहीत. जेवण सोडलं. अग्लायाने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ल्युबा लग्न करून गेली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तुझं तोंड बघणार नाही. ते देवाने ऐकलं, बाई. म्हणून मला अडवलं."

अग्लायाचा चेहरा मी आजवर पाहिला नव्हता तसा झाला.

प्रायश्चित्त म्हणून सासूबाई दिवसभर मंत्र जपत. एके सकाळी त्या मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळता ढवळता गुणगुणत होत्या: क्राउटगार्टनरचं नाव, चार आकडे, उसासा, चार आकडे, उसासा. अग्लाया परीक्षेचे पेपर तपासत होती. तिची लेखणी थांबली. ती उठली, माझ्या कोटाच्या खिशातून बँकेचं कार्ड काढलं आणि आईसमोर टेबलावर ठेवलं.

"आई, हे तुझ्या मंत्राच्या चालीवर म्हण बघू."

सासूबाईंनी चष्मा लावला. त्यांनी कार्डावरचं माझं नाव म्हटलं, मग आकडे. चार, उसासा, चार, उसासा. ओळ संपली तशी मंत्राचं पहिलं कडवं तंतोतंत बसलं. मग कार्डाची मुदत, महिना आणि वर्ष: मंत्रातही तिथे दोन छोटे आकडे होतेच. अग्लायाने कार्ड उलटं केलं. मागे तीन आकडे. बाबा शेवटी जे तीन आकडे तसबिरीकडे तोंड करून हळूच म्हणायचा, ते हे.

मी खुर्चीत बसलो. मामालिगा करपली.

त्यानंतर अग्लाया पोलिस हवालदाराकडे गेली. त्याने आधी टाळाटाळ केली, कारण त्याच्या बायकोनेही बाबाच्या तिकिटावर रोम पाहून घेतलं होतं. पण गुरुवारी तो आला. मधल्या दिवसांत अग्लायाने आणखी एक काम केलं. लिंत्समधले गेरहार्ड क्राउटगार्टनर धुराडी साफ करण्याचा धंदा करतात हे तिने इंटरनेटवर शोधलं आणि शाळेत शिकलेल्या जर्मनवर भरवसा ठेवून थेट फोन लावला.

गुरुवारी चित्रपटगृह खच्चून भरलं होतं. बाबाने पोथी उघडली, तोच अग्लाया पुढे झाली आणि नम्रपणे म्हणाली की आज तिला गावाला एका संताचं प्रत्यक्ष दर्शन घडवायचं आहे. गावाने टाळ्या वाजवल्या. पापी मास्तरीणबाई सुधारली, असं सगळ्यांना वाटलं. बाबाला नाही म्हणता येईना. मी शाळेतून आणलेला प्रोजेक्टर अग्लायाच्या व्हिडिओ कॉलला जोडला, सिनेमाच्या जुन्या पांढऱ्या पडद्यावर उजेड पडला, आणि त्या उजेडात काजळीने काळाकुट्ट झालेला एक चेहरा उगवला. डोक्यावर काळी टोपी, खांद्यावर तारेचा ब्रश. कामावरून तसाच आला होता बिचारा.

"हे कोण?" पारास्किवाने विचारलं.

"संत गेरहार्ड क्राउटगार्टनर," अग्लाया म्हणाली.

पहिल्या रांगेने गुडघे टेकले. संत गोंधळून मागे सरकले आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलले. अग्लायाने भाषांतर केलं. ते विचारत होते की ही माणसं खाली का बसली. मग त्यांनी आपली कहाणी सांगितली. एका खोट्या दुकानाच्या संकेतस्थळावर त्यांनी बूट मागवले होते. बूट आले नाहीत, पण कार्डाचे आकडे चोरांच्या हाती गेले. नंतर बँकेचा हिशेब घरी आला तेव्हा कळलं की त्यांच्या पैशाने कुणी एव्दोकिया इटलीला निघाली आहे.

"माझी बायको रोज विचारते, ही एव्दोकिया कोण," संत म्हणाले. "तुमच्यापैकी कुणी तिला सांगाल का?"

आधी तुदोर हसला. मग अख्खं चित्रपटगृह हसायला लागलं. पाद्रीबाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. संत निकोलाईंच्या तसबिरीकडे आता कुणी पाहीना. पामफिल ओरडला की पडद्यावर सैतान आहे, रंग बघा त्याचा. पण हसणाऱ्या माणसांना घाबरवणं फार अवघड असतं.

अग्लायाने सगळ्यांना आपापली कार्डं काढायला सांगितली आणि तिच्यामागून मंत्राची चाल धरायला सांगितली, आकडे मात्र मनातल्या मनात, ते शेजाऱ्यालाही ऐकू जाता कामा नयेत. ओठ हलले. रांगारांगांतून 'अरेच्चा' उमटत गेलं. बाबा प्रार्थना करत नव्हता. पोथीत दडवलेले चोरीचे आकडे तो सेराफिमाला लिहून घ्यायला सांगत होता; पूर्ण भाडं त्या कार्डांवरून जाई आणि दानपेटीतलं निम्मं बाबाच्या खिशात. तुदोरने लाल पडदा ओढला. आत ध्यानाला संगणक होता आणि छपाईचं यंत्र. भगिनी सेराफिमा मागच्या दाराने निघाली होती, पण त्या दारात हवालदार उभा होता.

"आणि माझं सॉसेज?" तुदोरने विचारलं.

अग्लायाने समजावलं. कार्डाच्या मालकाला चोरी कधी त्याच दिवशी कळते, कधी थोड्या दिवसांनी. तो तक्रार करतो, बँक पैसे परत घेते, विमान कंपनी तिकीट रद्द करते. त्याआधी जो उडाला तो पुण्यवान ठरला, मागे राहिला तो पापी. घाई देवाला नव्हती, चोराला होती.

सासूबाई उठून पडद्यासमोर गेल्या. काळ्या चेहऱ्याच्या माणसाची त्यांनी माफी मागितली. त्याने विचारलं की नातवाची भेट झाली का. नाही म्हटल्यावर तो टोपी काढून म्हणाला की नातवाला त्याचाही नमस्कार सांगा.

त्या माझ्याजवळ परत आल्या आणि माझी बाही धरून हळूच म्हणाल्या, "म्हणजे जावईबापू, माझ्या बोलण्याने काही झालं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "काहीही नाही."

त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या. पुढच्या आठवड्यात स्वच्छ पैशाच्या तिकिटावर बसने पादोव्याला गेल्या.

पामफिलचा खटला चालू आहे. गावाला चोरीची तिकिटं त्याने विकली याचं मला तेवढं वाटत नाही. चोराने घर फोडलं तर आपण कडी बदलतो. पण या माणसाने आपली चोरी एका म्हातारीच्या जिभेवर ढकलली, आणि ती मुकाट्याने अन्न सोडून बसली. म्हणून सांगतो. कुणी निम्म्या किमतीत काही देऊ लागला तर उरलेली निम्मी कोण भरतंय ते विचारा. चमत्कार फसला आणि तुम्हाला तुमचं पाप आठवायला सांगितलं, तर पाप आठवत बसू नका. पडदा ओढून आत बघा.