सहीचा मानकरी

“खुर्च्या राहू द्या बाई, आम्ही उभेच राहतो,” असं म्हणत चेमाने पोट आत ओढलं आणि तो दारातून आत शिरला. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे कीका, मग कीकाचा दीर, मग बँडवाले दोघे भाऊ. चर्चच्या मागच्या अंगाची ती कागदपत्रांची खोली केवढीशी! वस्तीतल्यांचे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या हर्मेलिंडाबाईंच्या टेबलाला सगळे अगदी चिकटून उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात आपापल्या पगाराची चिठ्ठी होती. शेवटी आला तो कासिमीरो. टोपी हातात घेऊन तो भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

हर्मेलिंडाबाईंनी चष्मा काढला. “मी जामीन आणायला सांगितला होता, ओफेलिया. वरात नव्हे.”

“हेच जामीन,” ओफेलिया ऐटीत म्हणाली. “सगळे मिळून.”

यात तिचं काही चुकलं होतं असं त्या वस्तीत कुणीच म्हटलं नसतं. आमच्या मेक्सिकन माणसांत लग्नाचा खर्च एकटा कोण करतो? केकचा मानकरी एक, अंगठ्यांचा दुसरा, बँडचा तिसरा, आणि चर्चमधल्या उशांचासुद्धा कुणीतरी असतोच. ओफेलिया शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी विधवा बाई. मागच्या वर्षी तिने कासिमीरोशी लग्न केलं तेही असंच, सगळ्यांच्या हातभाराने, आणि काय थाटात झालं! आता अमेरिकेचं सरकार म्हणत होतं की, बाई, तू इथली नागरिक असशील, पण तुझ्या पगारात नवऱ्याला इथे कायमचं ठेवून घेता येणार नाही. हा माणूस सरकारवर ओझं होणार नाही असं लिहून देणारा कुणीतरी आण, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल. झालं. चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर ओफेलिया दारोदार फिरली. एकानेही नाही म्हटलं नाही.

“अगं, यांची बेरीज होत नाही,” हर्मेलिंडाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “माणूस एकच लागतो. त्याची एकट्याची कमाई पुरली पाहिजे.”

“पण सगळ्यांचं मिळून कितीतरी जास्त होतंय की!”

“सरकारला मिळून चालत नाही.”

चेमा आपल्या चिठ्ठीकडे बघत म्हणाला, “म्हणजे आम्ही केक देऊ शकतो. माणूस नाही.” तो स्वतःच हसला. बाकी कुणाला हसू आलं नाही.

मग एकेक जण निघाला. जाताना प्रत्येकाने कासिमीरोच्या खांद्यावर हात ठेवला, मयताच्या घरून निघताना ठेवतात तसा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सान अँटोनिओच्या या भागातली निम्मी छपरं त्याने बांधली होती. चेमाच्या डोक्यावरचं छप्परही त्याचंच. पण ते सगळं काम बिनकागदाचं, पैसे हातावर मिळणारं, आणि सरकारच्या लेखी त्याची किंमत शून्य. टुरिस्ट म्हणून आला आणि इथेच राहिला, एवढीच त्याची नोंद. अंगात बैलासारखी ताकद असलेल्या माणसाला पोसणार कोण, यावर आज सगळ्या वस्तीने बैठक भरवली होती.

सगळे गेल्यावर हर्मेलिंडाबाईंनी विचारलं, “येसेनियाचं काय?”

ओफेलियाने तोंड फिरवलं. येसेनिया म्हणजे तिची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी. दातांच्या दवाखान्यात चांगल्या नोकरीला होती आणि एकटी राहत होती. आईच्या लग्नाला ती आली नव्हती. “तो कागदांसाठी गोंडा घोळतोय, आई,” एवढंच फोनवर म्हणाली होती.

गाडीत बसल्यावर ओफेलिया म्हणाली, “मी नाही तोंड वेंगाडणार तिच्यापुढे. पोटची पोर आहे, म्हणूनच जमायचं नाही. तू जा, मीरो.”

“मी? मला ती दारात उभं करील का?”

“नाही केलं तर परत ये.”

कासिमीरो गेला. जाताना बेकरीतून गोड पावांची पिशवी घेतली, आणि दारापाशी पोचल्यावर त्या पिशवीचीच त्याला लाज वाटायला लागली. मागायला आलेल्या माणसाने खाऊ आणावा, हे काय!

येसेनियाने दार उघडलं. दवाखान्याचे कपडे अजून तिच्या अंगावर होते. तिने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, कॉफी दिली. तो शिव्या ऐकायची तयारी करून आला होता. कॉफीची तयारी त्याने केली नव्हती.

“आईने पाठवलं?”

“हो. म्हणजे... मीही आलोच असतो.”

“खोटं कशाला बोलता?” ती समोर बसली. “सही कशाची असते, ठाऊक आहे ना? उद्या तुमचं आणि आईचं फाटलं तरी मी त्यातून सुटत नाही. घर घ्यायचं म्हणून मी तीन वर्षं हात आखडून जगतेय, कासिमीरो. त्यात ही जबाबदारी.”

“मी कधी कुणाचं खाल्लेलं नाही, मुली.”

“ते नाही विचारलं मी. एकच विचारते, नीट सांगा. कागदांसाठी धरलंत ना आईला?”

नाही म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण एवढं सरळ त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“लग्न नाही केलं त्यासाठी,” तो म्हणाला. “पण यायला लागलो ते त्यासाठीच. आमचा मुकादम म्हणाला होता, शाळेच्या स्वयंपाकघरात एक विधवा आहे, इथलीच जन्मलेली आहे, बघ जमतंय का. म्हणून मी तिचं गळकं छप्पर फुकट करून दिलं. जेवायला थांबलो. पुन्हा गेलो.”

“आणि?”

“आणि मग... एक दिवस तिच्याकडून निघालो, तेव्हा लक्षात आलं की कागदांचा विचार मनातून गेलाय. कधी गेला ते कळलंही नव्हतं. नुसताच घरी आल्यासारखा येत होतो.” त्याने कप खाली ठेवला. “तिला विचारलं ते त्यानंतर. आईशप्पथ.”

येसेनियाने पिशवीतला एक पाव काढून तो मोडला, पण खाल्ला नाही.

“आईला माहितीये हे?”

“नाही.”

“मग सांगा. तिला सांगा आणि मला फोन करा. मी करते सही. पण तिने डोळे झाकून नांदायचं आणि मी त्यावर सही करायची, हे मला जमणार नाही.”

घरी पोचला तेव्हा ओफेलिया चुलीपाशी होती. टोमॅटोच्या रश्शात शेवया शिजत होत्या. त्याचं तोंड बघूनच तिने डाव खाली ठेवला.

“काय म्हणाली?”

“करते म्हणाली.”

ओफेलियाने ॲप्रन तोंडाला लावला आणि ती ढसाढसा रडली. मग नाक पुसून हसायला लागली. “बघितलंस? पोर माझीच आहे. आणि ती चोना, आमच्या स्वयंपाकघरातली! आज सगळ्यांसमोर काय म्हणाली माहितीये? कागद झाले की पाखरू उडणार. मी असा डाव उगारला! म्हटलं, माझ्या नवऱ्याला माझ्यात कागद दिसले नाहीत, बाई. छप्पर शाकारायला आला आणि माझ्या हातच्या शेवयांवर भुलला. हात विस्तवात घालून सांगेन.”

तिने त्याला वाढलं आणि समोर बसली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण त्या दिवशी ती नव्या नवरीसारखी दिसत होती.

“ओफे,” तो म्हणाला.

“काय रे?”

त्याने चमचा उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

“मीठ कमी आहे.”

“इश्श, एवढंच ना!” म्हणत ती मीठ आणायला उठली.

जेवण झाल्यावर तो अंगणात गेला आणि त्याने येसेनियाला फोन लावला.

“सांगितलं,” तो म्हणाला.

“काय म्हणाली?”

“रडली.”

रडली होती हे खरंच होतं. त्याने फोन ठेवला आणि तिथेच उकिडवा बसून राहिला. आयुष्यात त्याने दगड उचलले, डांबर उकळलं, मुकादमांच्या शिव्या खाल्ल्या. पण स्वतःच्याच नजरेत इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी येसेनिया सही करायला आली. आईच्या लग्नानंतर पहिल्यांदाच या घरात येत होती. कागद घेऊन आलेल्या हर्मेलिंडाबाईंनी दाखवलं तिथे तिने सही केली, पेन ठेवलं, आणि उठून आईला घट्ट मिठी मारली.

“तुझं मन मोठं आहे, आई. मला नसतं जमलं.”

“अगं, सही तू करतेस आणि मन माझं मोठं?” ओफेलिया गोंधळून हसली. “बाई, ही बघा कशी उलटंच बोलते!”

“तुला माहितीये मी कशाबद्दल बोलतेय,” येसेनिया म्हणाली, आणि आईच्या कपाळावरचे केस तिने मागे सारले. कासिमीरो आपल्या बुटांकडे बघत होता.

सरकारी कचेरीतल्या मुलाखतीला दोघांना येसेनियाच घेऊन गेली. ओफेलियाच्या गाडीचा भरवसा नव्हता, आणि कासिमीरोकडे लायसन नव्हतं. ती बाहेर गाडीपाशी थांबली. आतली अधिकारी बाई तशी बरी होती. कुठे भेटलात, कसं जमलं, असं विचारायला लागली, आणि ओफेलिया थांबायलाच तयार नव्हती. छप्पर, शेवया, लग्नातला केक, बँडवाले भाऊ, सगळं तिने सांगितलं.

“आणि तुम्ही?” बाई कासिमीरोकडे वळली. “यांच्याशी लग्न का केलंत?”

ओफेलिया खुर्चीत पुरती वळून त्याच्याकडे बघायला लागली.

“घरी यावंसं वाटायचं,” तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. तरी कानशिलं तापली. बाईने काहीतरी लिहिलं, आणि मग दोघांचं अभिनंदन केलं.

बाहेर आल्यावर ओफेलिया पळतच सुटली, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. “झालं गं! झालं!” तिने लेकीच्या गळ्यात हात टाकले. “मी सगळं सांगितलं त्या बाईला. म्हटलं, हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्यासाठीच येतोय. कागद-बिगद त्याच्या ध्यानीमनीसुद्धा नव्हते. तिलाही पटलं बघ!”

येसेनियाने आईच्या खांद्यावरून कासिमीरोकडे पाहिलं. तो दोन पावलं मागेच थांबला होता. त्याने मान खाली घातली. ऊन मी म्हणत होतं, आणि पार्किंगमध्ये सावली म्हणून कुठे नव्हती.

“आणि मला एक सांग,” ओफेलिया लेकीचा हात न सोडता म्हणाली, “हा त्या दिवशी तुझ्याकडे आला तेव्हा बोलला तरी काय? मला तर थांगपत्ता लागू देत नाही. तू एवढी हट्टी, आणि एका कॉफीत हो म्हणालीस!”

सही झाली होती, शिक्का बसला होता. आता येसेनिया काहीही बोलू शकत होती आणि त्यात तिचं काहीच चुकलं नसतं.

येसेनिया आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तसं खुललेलं तोंड तिने वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

“काही नाही,” ती म्हणाली. “नीट मागितलं त्यांनी.”

“नीट मागतोच तो,” ओफेलिया म्हणाली. “आहेच तसा.”

येसेनियाने आईला पुढे बसवलं, तिचा पट्टा लावून दिला. कासिमीरो मुकाट्याने मागे जाऊन बसला. मागचं दार उघडंच राहिलं होतं. येसेनिया वळसा घालून त्याच्या बाजूला आली. त्याला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोलावं असंही त्याला वाटलं.

“पाय आत घ्या,” ती म्हणाली आणि तिने दार लावलं, आवाजही होऊ न देता.