रजेवर नव्हतो

"यात तर तुम्ही रजेवर होता असं लिहिलंय," पेणचे वकील म्हणाले आणि त्यांनी फाईल टेबलावरून पुंडलिककडे ढकलली. "रजेत पडलात, खुबा मोडून घेतलात, आणि आता लष्कराकडे अपंगत्वाची पेन्शन मागताय?"

"मी रजेवर नव्हतो."

"अपिलात कागद काय म्हणतो ते बघतात. तुम्ही काय म्हणता ते नाही."

हा तिसरा वकील. पहिल्याने अपिलात पायाऐवजी हात लिहिला होता. दुसरा दर खेपेला नाव विचारायचा. ह्याने निदान कागद वाचले तरी.

पुंडलिक टेबलाला धरून उठला. त्याचं उठणं बघून की काय, वकील मागून म्हणाले, "रोह्याला एकजण आहे. वकील नाही, फौजेतला जुना कारकून. पण पेन्शनीचं अपील लिहावं तर त्यानेच. हैबतराव म्हणून विचारा, कुणीही घर दाखवील."

पुंडलिक निडीचा. सात वर्षांपूर्वी फौजेने त्याला घरी पाठवलं, तेव्हापासून लावणीला त्याची बायको सगुणा चिखलात वाकायची आणि हा बांधावर उभा राहून रोपांच्या मुठी फेकायचा. त्याचं त्याला एवढं वाटलं नसतं. पण पहिल्या वकिलाच्या कारकुनाकडून कागदातली गोष्ट गावात पोचली, आणि एका लग्नात, भर पंगतीत, गावातला नाथा मोठ्याने म्हणाला, "रजेत दारू पिऊन पडला, नि आता लष्कराच्या नावानं लंगडतोय." पुंडलिक भरल्या पानावरून उठला. त्यानंतर तो कुणाच्या पंगतीला गेला नाही.

रोह्यात हैबतरावांच्या ओटीवर तीन माजी सैनिक चपला काढून बसले होते. आतून आवाज आला, "पुढचा!"

पुंडलिक चपला काढता काढता थांबला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. इस्पितळात, कमरेपर्यंत प्लास्टर असताना, ह्याच आवाजाने त्याच्यापुढे इंग्रजी कागद धरला होता. "सही कर पुंडलिक, नायतर पगार अडकेल." त्याने सही केली होती. युनिटमधले हवालदार क्लार्क शिर्के. त्यांचं नाव हैबतराव आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पाळी आल्यावर तो आत गेला. शिर्क्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ओळखलं. हात पुढे करून फाईल घेतली. पानं उलटत ते दुखापतीच्या अहवालावर आले आणि थांबले. खालच्या कोपऱ्यात त्यांचीच बारीक सही होती.

"कुणी लिवलं ते, रजेवर म्हणून?" पुंडलिक म्हणाला. "ट्रक साहेबानं धाडला होता, त्याच्या मेव्हण्याचं सामान आणाया. मी वर्दीत होतो. ट्रक उलटला तवा त्यांचं लोखंडी कपाट माझ्यावर पडलं. तुमाला म्हायीत नव्हतं?"

"हळू बोल. बाहेर माणसं हायत."

"आयकू द्या की."

"हुकूम होता. सरकारी ट्रक घरच्या कामाला नेला, हे कागदावर कसं येणार? नाय म्हटलं असतं तर माझ्या फिती गेल्या असत्या."

"आन् माझा पाय?"

शिर्के खजील झाले नाहीत, उलट चिडले. "मला काय मिळालं रे त्यात? दे, अपील लिहितो. भरती झालास तेव्हा धडधाकट होतास, त्या मुद्द्यावर उचलतो."

"मुद्दा नको. एक ओळ लिवा. पुंडलिक रजेवर नव्हता, ते मी खोटं लिवलं. खाली सही करा."

"डोकं फिरलंय तुझं? माझी पेन्शन जाईल. ह्या ओटीवर परत कुत्रं येणार नाय."

"नको येऊ दे."

फाईल काखेत मारून पुंडलिक बाहेर आला. "काय झालं रे?" ओटीवरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मग काहीच ऐकू येईना. तिथल्या तिथे सगळं ओकून टाकावं असं पुंडलिकला वाटलं. शब्द अगदी ओठावर आले होते.

"कागद अपुरे हायत," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

आठ दिवसांनी शिर्क्यांचं कार्ड आलं. मंगळवारी अकराला पेणच्या कोर्टात ये, फाईल आण.

"रोह्याचा मानूस पेणला कशाला बोलवतोय?" सगुणाने विचारलं.

"रोह्यात त्याला वळखतात गो."

शिर्क्यांनी नऊ पानांचं अपील आणलं होतं. ट्रक कधी सुटला, फाटकाच्या वहीत किती वाजता नोंद झाली, इस्पितळात किती वाजता आणलं, त्या महिन्यात रजेवर कोण कोण होतं. एक तारीख चुकली नव्हती. सात वर्षं ह्या माणसाला सगळं पाठ होतं, आणि हे बघून पुंडलिकचा राग कमी होण्याऐवजी वाढला. शेवटी प्रतिज्ञापत्र होतं. सदर नोंद खोटी असल्याचे माहीत असूनही मी ती केली.

"परिणाम ठाऊक आहेत ना?" प्रतिज्ञापत्र घेणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं.

"आहेत," शिर्के म्हणाले आणि त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुझ्यासाठी नाय केलं हे. हातात आलेली केस मी हरत नाय."

"माझ्यासाठी करा म्हटलंच कुठं मी?"

"आता तरी मनातून काढून टाक."

"नाय. ते नाय व्हायचं."

निकाल यायला चौदा महिने लागले. तो पुंडलिकच्या बाजूने लागला. शिर्क्यांमागे चौकशी लागली. त्यांची पेन्शन वाचली, पण ओटी ओस पडली. नाथा टपरीवर म्हणाला, "मला म्हायीत होतं रे, तू खोटं बोलणारा नव्हस." पुंडलिक चहा अर्धा टाकून उठला.

सही झाली त्या मंगळवारी मात्र दोघांना परतायला एकच गाडी होती. रोह्याच्या पॅसेंजरमध्ये शिर्के आधी चढले. पुंडलिक चढेपर्यंत डब्यात एकच जागा उरली होती, शिर्क्यांच्या शेजारची. शिर्क्यांनी तिथली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस. खुबा दुखेल."

पुंडलिक दाराशी दांडा धरून उभा राहिला. कासू गेलं. खुब्यातून कळ पार घोट्यापर्यंत उतरत होती. नागोठण्याला भाजीची टोपली घेऊन एक बाई चढली आणि त्या जागेशी येऊन म्हणाली, "हितं कोण बसलंय का?"

"हाय," शिर्के म्हणाले. "माणूस हाय."

बाईने रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग शिर्क्यांकडे, आणि ती खालीच टेकली.

निडी आलं. पुंडलिकने मोडका पाय आधी खाली टेकवला, मग चांगला. गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्याला शिर्के दिसले. समोर बघत ते ताठ बसले होते, आणि एक हात त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर तसाच पसरून ठेवला होता.