गिऱ्हाइकाच्या हाताशी बांधलेली पट्टी

मी पितळेची पट्टी बोलतेय. अंगावरच्या रेघा झिजल्यात, पण अजून ताठ आहे. परभणीत दिनकररावांच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात माझं आयुष्य गेलं. जाहिरातीने पानावर किती जागा घेतली ते मोजायचं, एवढंच माझं काम.

काम म्हणायचं आपलं. दिनकरराव मला खिळ्याला टांगून ठेवत आणि जाहिरातीचा दर माणसाचं तोंड पाहून सांगत. ओळखीच्या वकिलाला कमी, सासुरवाडीच्या पाहुण्याला फुकट, खेड्यातल्या अनोळखी माणसाला दुप्पट. बियाणांचे व्यापारी तात्याराव तर पाऊण पान घेत आणि दरही स्वतःच ठरवत. मला भारी राग यायचा. मोजायला आणलंय की शोभेला?

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या पेटल्या. शहरातही दुकानं अर्धीच उघडत. अशात दगडाबाई नावाची बाई छापखान्यात आली. तिच्या लुगड्याचा पदर जळालेला होता. तात्याराव समोरच चहा पीत बसले होते.

“घरं पेटली तवा माजा मालक, लिंबाजी, रानात पळाला. अजून आला न्हाई,” ती म्हणाली. “मी लेकरं घिऊन परभणीत भावाकडं हाय, एवढं छापा. तुमचा पेपर गावोगाव जातो. न्हाईतर त्यो आमाला हुडकत माघारी गावात जाईल आन् मारला जाईल.”

दिनकररावांनी चाचरत तिप्पट दर सांगितला. “जोखमीची जाहिरात आहे, बाई.”

दगडाबाईने माझ्याकडे बोट केलं. “रोजगार हमीवर आमी माती खंदतो. खड्ड्याला टेप लावतेत आन् जेवढा खड्डा तेवढी मजुरी देतेत. तुमी बी ती पट्टी लावा की.”

तात्यारावांनी कप खाली ठेवला. “हे छापायचं आसंल तर माजी जाहिरात काढा.”

त्यांच्या जाहिरातीच्या पैशांवरच अंकाचा कागद येत होता. दिनकररावांनी तिचा मजकूर छपाईसाठी जुळवून घेतला आणि मला खिळ्यावरून काढलं. जुळवलेल्या मजकुरावर मला ठेवून ते म्हणाले, “दोन इंच जागा. तात्याराव, तुमचा जो दर, तोच यांचा.”

तात्याराव तरातरा निघून गेले. त्या आठवड्याचा अंक अर्ध्याच पानांचा निघाला. दगडाबाईच्या भावाचा पत्ता छापला नव्हता, ‘छापखान्यात चौकशी करावी’ एवढंच होतं. त्यामुळे आता दारात आधी कोण येणार, लिंबाजी की दंगेखोर? पाऊल वाजलं की दिनकरराव दचकत. मीही भ्यायले होते, खोटं कशाला सांगू?

एका दुपारी दाढी वाढलेला माणूस आत आला. मुठीत आमच्याच अंकाचा तेलकट तुकडा होता. ताडकळसच्या बाजारात त्याला भजी त्यात बांधून मिळाली होती.

“मीच लिंबाजी,” तो म्हणाला. “लेकरं कुठं हायेत?”

दगडाबाईला बोलावणं गेलं. लेकरांना पोटाशी धरून तो लय रडला. मग डोळे पुसून दिनकररावांना म्हणाला, “माज्यासंगं पळालेले लोक अजून रानातच हायेत. मी हितं पोचलो, ते बी छापा.”

“याचे पैसे नकोत,” दिनकरराव म्हणाले.

“फुकट नगं, साहेब. पट्टी लावा.”

त्या दिवसापासून मी खिळ्यावर गेले नाही. दिनकररावांनी मला टेबलाच्या अलीकडच्या कडेला, गिऱ्हाइकाच्या हाताशी, सुतळीने बांधलं. ज्याला शंका येई तो स्वतःच मोजून बघे.

आज सोळा वर्षं झाली. नामांतराचा निकालही लागला. छापखान्यात नवं यंत्र येणार, मग मी अडगळीत जाणार म्हणे. जाईन बापडी. फक्त एक मागणं आहे. मला सोडाल, तेव्हा त्या सुतळीला दुसरी पट्टी बांधा.