आगीची पहिली मूठ

जालन्याच्या एमआयडीसीतल्या सरकीच्या तेलगिरणीत बॉयलर सांभाळणारा धर्मराज कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण नवा बर्नर बसला आणि त्याची मती गुंग झाली. आधी कसं सोपं होतं! सकाळी भट्टीचं दार उघडायचं, हळदकुंकू लावलेली टरफलाची पहिली मूठ आगीला द्यायची, हात जोडायचे, मग फावडं चालवायचं. आग पोटभर खायची आणि काळाकुट्ट धूर ओकायची. धुराच्या तक्रारी वाढल्या, तशी मालक काकासाहेबांनी भट्टीच काढली आणि तेलावर जळणारा, धूर न करणारा बर्नर बसवला. आता बटण दाबलं की पेटला. दार नाही, फावडं नाही. मूठ द्यायची तरी कुठं?

धर्मराजनं तोड काढली. बर्नरच्या कुशीला हवा ओढणाऱ्या पंख्याचं जाळीदार तोंड होतं. हळदकुंकवाची चिमूट तिथं धरली की सुर्रकन आत जायची. आगीनं घेतलं म्हणजे पावलं, असं त्यानं धरलं.

पण बर्नर टिकेना. झकास पेटायचा आणि घटकाभरानं खटकन बंद. वाफ उतरायची, गिरणी ठप्प. औरंगाबादेहून आलेल्या देवानंद मेकॅनिकनं तेल गाळलं, तारा तपासल्या, डोकं खाजवलं.

"देवानंदभाऊ, आग चांगली जळती. मी बॉयलरच्या खिडकीतून बघून राह्यलो ना! मंग हे मशीन आपूनच तिचा गळा का दाबतं?" धर्मराज विचारायचा.

शेवटी काकासाहेब कावले. "उद्या बंद पडलं तर तू गोदामात जा धर्मराज, पोती उचल. हे तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

उभा जन्म आगीपाशी गेला आणि आता पोती? रिवाज मुठीचा, आपण भागवतो चिमटीवर, मग आग रुसणार नाही तर काय! दुसऱ्या दिवशी धर्मराजनं चांगली मूठभर पूड दिली. बर्नर पेटला आणि लगेच विझला.

देवानंदनं या खेपेला बर्नरच्या आतला काचेचा डोळा उपसून काढला. "हा आगीवर नजर ठेवतो. याला आग दिसली न्हाई की विझली समजून तेल तोडतो," असं सांगता सांगता तो थांबला. डोळा लालभडक झाला होता.

"हे कुंकू कुठून आल्तं?"

"माझ्या हातचं," धर्मराज कसाबसा म्हणाला.

देवानंदनं डोळा सदऱ्याच्या टोकानं पुसला. काकासाहेबांना म्हणाला, "काचेवर धूळ बसली होती, साहेब." धर्मराजची गोदामाची वारी टळली.

दुसऱ्या सकाळी धर्मराज पंख्यापुढं मूठ आवळून उभा राहिला आणि तशीच कुंकवाची पुडी खिशात टाकून मागं फिरला. बर्नर दिवसभर अखंड चालला. काकासाहेबांनी पाठ थोपटली. हसावं की रडावं, धर्मराजला कळेना.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं पुडी पेटत्या चुलीत रिकामी केली. भाकरी थापणारी त्याची बायको झुंबरबाई दचकली. "काय हो, आजबी बंद पडलं का?"

"न्हाई. दिवसभर बराबर चाललं." "मी काहीच दिलं न्हाई, तरी चाललं."