निव्वळ वजन पंच्याहत्तर ग्रॅम

बाजारात तिला सगळे काटाबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की काटाबाई. वजनमापं तपासणारी निरीक्षक होती ती. अठरा वर्षं नोकरी झाली होती आणि अठरा वर्षांत तिने एकाही माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. दुकानदार हसून बोलला की ती आधी तराजूच्या तळाशी चुंबक लावलंय का ते बघायची. हसला नाही तर दोनदा बघायची.

अशा बाईवर स्वतःचंच वजन तपासायची पाळी यावी, ही गंमत तिलाही कळत होती. पण हसायची सोय नव्हती. तिच्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, हाताच्या शिरा गाठींसारख्या फुगलेल्या. आईने पहिल्याच दिवशी आपली किडनी देऊ केली. डॉक्टरांनी तिचं वय आणि रक्तदाब बघून हात जोडले. हिची, म्हणजे बहिणीची, जुळली. फक्त वजन आडवं आलं. ब्याऐंशी किलो. डॉक्टर म्हणाले, पंच्याहत्तरच्या खाली या, रक्तातली साखर जागेवर ठेवा, तरच तुम्हाला टेबलावर घेतो. तीन महिन्यांनंतरची तारीख राखून ठेवली. त्या दिवशी आकडा जास्त निघाला तर तारीख दुसऱ्याला, आणि भाऊ पुन्हा रांगेच्या शेपटाला. त्या रांगेत टिकण्याइतका वेळ त्याच्याकडे आहे, असं कोणीच छातीठोक सांगत नव्हतं.

मग काय, बाई कामाला लागल्या. जिभेचे चोचले जन्मभर पुरवलेले, ते एका दिवसात थोडेच ऐकतात? दुपारचे चार वाजले की ऑफिसातल्या शेजारणीच्या खणातली बिस्किटं हिला भिंतीपलीकडून दिसायची. तिने युक्त्या शोधल्या. चार वाजता दात घासायचे, कारण घासल्या तोंडाला बिस्किट नको वाटतं. लवंग चघळायची. जिन्यावरून दोनदा वरखाली करायचं. घरी साखरेच्या बरणीला तर तिने चक्क तार बांधली आणि ऑफिसच्या पकडीने शिशाचं सील दाबलं, वर्षाच्या आकड्यासकट.

नवरा बघत राहिला. "म्हणजे आता साखर काढायची तर सरकारी परवानगी?"

"तू बिनसाखरेचं पी. तुझंही पोट कमी नाहीये."

मात्र एक सवलत तिने स्वतःला दिली होती. दुकानात बिनसाखरेची गोड पावडर मिळते, ती. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, पहिले काही दिवस कॉफीत घ्या, फार तळमळ झाली तर दह्यावर चमचाभर घ्या. दोन-तीन आठवड्यांत ओढ आपोआप उतरेल. आणि उतरली की! पाच आठवड्यांत ब्याऐंशीवरून अठ्ठ्याहत्तर. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तू तर बारीक होऊन ओळखू यायची नाहीस." दोघं खूप हसली.

त्याच सुमाराला घरात दोन बदल झाले. आई मदतीला राहायला आली. आणि नवऱ्याने, कधी नव्हे ते, स्वयंपाक आणि सामान आणायचं काम स्वतःकडे घेतलं.

आणि काटा थांबला.

अठ्ठ्याहत्तर. पुढच्या सोमवारी अठ्ठ्याहत्तर. त्याच्या पुढच्या सोमवारी अठ्ठ्याहत्तर दोनशे. तिने घरचा काटा ऑफिसातल्या प्रमाणित वजनांनी तपासला. बिचारा अगदी खरा होता. उतरलेली ओढ परत आली, ती दुप्पट होऊन. पूर्वी चारला यायची ती आता अकराला, चारला, सहाला, वाटेल तेव्हा यायची; हात थरथरायचे, डोकं भणभणायचं. आहारतज्ज्ञ बाईंनी वही उलटसुलट चाळली आणि चष्म्यावरून बघितलं.

"सगळं लिहिता ना यात? अगदी सगळं?"

काटाबाईचे कान तापले. अठरा वर्षं ती याच आवाजात दुकानदारांना विचारत आली होती.

म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. ती स्वतः काही चोरून खात नव्हती. मग उरलं कोण? जो माणूस पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "तुझ्या भावाबद्दल मला माया आहे, पण तुझं पोट फाडायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो," तो. आणि आता तोच माणूस रोज तिचं जेवण रांधत होता! व्वा रे व्वा.

तिने डोळ्यात तेल घालून पाळत सुरू केली. नवरा लोकांना मोटार शिकवायचा. नव्या शिकाऊ बायका रडकुंडीला आल्या की त्यांना द्यायला तो गाडीच्या खणात गोळ्या ठेवायचा, लिमलेटच्या. ती रोज सकाळी त्या गोळ्या मोजायची. त्याने बनवलेल्या सुपाची चव घेताना जीभ टाळूवर दाबून धरायची. सामानाच्या पिशव्या हुंगायची. एकदा तिला मिक्सरचं छोटं भांडं धुऊन पालथं घातलेलं दिसलं. पुढच्या आठवड्यातही दिसलं. घरात कोणी काही दळलेलं नव्हतं.

"हे कोणी वापरलं?"

"मी नाही बुवा," नवरा म्हणाला. फार पटकन म्हणाला, असं तिला वाटलं.

आई ओट्याशी कॉफी ढवळत होती. "धुळीने भरलं होतं, मी घासून ठेवलं. घे, गरम आहे तोवर पी." आईच्या हातची कॉफी तेवढीच काय ती दिवसातली सुखाची गोष्ट. दिवसातून चार कप. आणि ओढ फार झाली की आई न सांगता दह्याची वाटी पुढे करायची, वर पावडर भुरभुरलेली. "हा नवीन डबा बराय गं," लेक एकदा आईला म्हणालीही होती. "आधीच्यासारखी मागून कडवट चव येत नाही."

आणि एक गोष्ट होती, जी तिने वहीत लिहिली नव्हती. सोमवारी आकडा हलला नाही की ती आधी संतापायची. आणि मग, मनाच्या अगदी कोपऱ्यात, तिला सुटल्यासारखं वाटायचं. लगेच स्वतःची लाज वाटायची आणि त्या लाजेपोटी ती नवऱ्याच्या गोळ्या पुन्हा मोजायची.

तारखेला सव्वीस दिवस उरले असताना ती एका किराणा दुकानात तपासणीला गेली. बंद डब्यांची निव्वळ वजनं बघायची होती. डब्यावर छापलेलं वजन आतल्या मालाशी जुळतं की नाही, एवढंच. दुकानदार घाम पुसत एकेक माल काढून देत होता. त्यात त्याने ती बिनसाखरेची पावडर पुढे केली. निव्वळ वजन पंच्याहत्तर ग्रॅम.

तिने डबा उचलला आणि हात जरा जास्तच वर गेला. केवढा हलका! हवा भरल्यासारखा. ती पावडर असतेच तशी, फुललेली, निम्मी पोकळ. डबा हातात धरून ती नुसती उभी राहिली.

परवा ओटा पुसताना तिने घरचा डबा उचलला होता. अर्धा रिकामा. आणि तो जड होता.

असलं हिच्या हाताला कळणार नाही तर कुणाच्या कळणार? परवाच कळलं होतं. पण डोक्यात नवरा आणि त्याचं सूप घुमत होतं, तिथे हाताचं कोण ऐकतो!

"मॅडम, काही चुकलं का?" दुकानदाराचा चेहरा पांढराफटक पडला. "माल अगदी खरा आहे हो."

"तुमचा खरा आहे," ती म्हणाली, आणि निघाली. तपासणीच्या कागदावर सही करायचीही राहिली. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

घरी पोचली तेव्हा नवरा जेवायला आलेला होता, आई भांडी विसळत होती. कोणाशी न बोलता तिने पिशवीतला काटा टेबलावर मांडला, तो सपाट बसलाय ना ते बघितलं, आणि डबा ठेवला. दोनशे सत्तर ग्रॅम. भरलेला नवाकोरा डबा पत्र्यासकट एकशे पस्तीस भरतो, आणि हा अर्धा रिकामा डबा त्याच्या दुप्पट. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. दळलेली साखर. शुद्ध, बारीक, दळलेली साखर, आणि ती चार आठवडे दिवसातून दहा-बारा चमचे खात होती.

"लाज नाही वाटली?" ती नवऱ्यावर ओरडली. "समोर सूप करून घालतोस आणि मागून हे? तो तिकडे सुया टोचून घेतोय, आणि तू इथे साखर दळत बसलास?"

नवऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला. "मी?"

"मग कोण? तुलाच नकोय ना हे ऑपरेशन!"

"नकोय. तोंडावर सांगितलं तुला, दहादा सांगितलं." त्याने घास ताटात ठेवला. "पाठीमागून करायचं असतं तर तोंडावर कशाला बोललो असतो? माझ्या गोळ्या मोजतेस तू रोज. मला माहीत आहे. मी बोललो का काही?"

ती काही बोलणार, एवढ्यात नळ बंद झाला.

"त्यांना कशाला बोलतेस," आई म्हणाली. पाठ अजून तशीच होती. "मी घातली."

आईने हात पुसले, पदराला नाही, ओल्या फडक्यालाच, आणि पुसूनही ते ओलेच राहिले.

"संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा आणायची. तू ऑफिसात, जावई कामावर असताना दळायची. मिक्सरला दोन मिनिटं लागतात."

"आई, तो मरेल," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तो शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. "तुला कळतंय का तू काय करत होतीस? तुझा मुलगा मरेल."

"मला नको शिकवू!" आई वळली. तिचा चेहरा बघवत नव्हता. "रोज सकाळी उठते ती तेच घेऊन उठते. पण डॉक्टरांनी मला त्या दिवशी काय दाखवलं ठाऊक आहे? दोन खोल्या. एकीत तू, एकीत तो, एकाच वेळी. मधे बाक. म्हणाले, तुम्ही इथे बसा. मी कोणत्या दाराकडे तोंड करून बसू, सांग ना! त्याचं शरीर मोडलंय, ते मी बघतेय. तू धडधाकट आहेस. तुला मी माझ्या हाताने आत पाठवू, आणि काही झालं तर? दोन्ही दारं बंद झाली तर मी घरी कोणाकडे येऊ?"

"म्हणून मला फसवलंस?"

"हो. वाटलं, वजन उतरणार नाही, तारीख जाईल, दुसरं कोणी मिळेल. कोणाला नाही म्हणावं लागणार नाही. तुला नाही, त्याला नाही." आई खाली बसली. "चमचा घालताना रोज वाटायचं, आज नको. तरी घालायचे."

काटाबाईला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि मिठीही मारावीशी वाटत होती. दोन्ही जमलं नाही. ती समोरच्या खुर्चीत धपकन बसली आणि म्हणाली, "मलाही भीती वाटते, आई. आकडा हलला नाही की मला बरं वाटायचं. ऐकलंस? बरं वाटायचं! पण मला जायचंय. तो माझा भाऊ आहे."

नवऱ्याने डबा उचलला, मोरीत उपडा केला आणि वर पाणी सोडलं. तिने त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आधी जेव," आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

पुढचे तीन दिवस डोकं फुटेल असं दुखलं. चौथ्या दिवसापासून ओढ उतरू लागली, सहाची गेली, मग अकराची गेली. चारची तेवढी दात घासूनच परतवावी लागायची. भावाला त्यांनी काही सांगितलं नाही. कॉफी आईच करत राहिली, काळी, कडू. कप देण्याआधी ती लेकीसमोर उभी राहून पहिला घोट स्वतः घ्यायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. कडू लागून तोंड वाकडं व्हायचं तिचं, आणि लेकीला सुरुवातीला त्यात बरं वाटायचं, नंतर वाटेनासं झालं.

ठरल्या दिवशी त्या दोघी इस्पितळात गेल्या. भाऊ वरच्या मजल्यावर मशीनला जोडलेला होता. वजनाच्या खोलीत भिंतीला टेकून एक जुना काटा होता, आकडे लहान, काच ओरखडलेली. एरवी काटाबाईने तो आधी आडवा करून बघितला असता. परिचारिका वही उघडून म्हणाली, "चपला काढा, उभ्या राहा."

ती काट्यावर चढली. खाली बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आई, तू वाच."

"मी?"

"हो. तू सांगशील तो आकडा त्या लिहितील."

परिचारिकेने दोघींकडे बघितलं आणि काय समजली कोण जाणे, पेन उचलून थांबली.

आई वाकली. चष्मा पुसला, पुन्हा वाकली. बराच वेळ ती तशीच होती. लेकीला तिचा श्वास ऐकू येत होता. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. लेकीचे पाय काट्यावर हलले नाहीत.

"चौऱ्याहत्तर," आई म्हणाली. मग परिचारिकेला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा सांगितलं. "चौऱ्याहत्तर किलो आठशे. लिहा. पंच्याहत्तरच्या आत बसतेय ती."