कपाटाच्या दारावरची लेबलं

माझ्या घरात कागद चिकटलेलं भांडं ओट्यावर चढत नाही. नवी वस्तू आली की वाफेवर धरायची, लेबल अलगद सोलायचं, मगच कामाला लावायची. लेबलं मी टाकत नाही. कुणाला सोनेरी कडा, कुणावर लाल फूल. खळ लावून ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. चाळीस वर्षं भरत आलेलं दार आहे ते. दुपारी त्यावर ऊन आलं की मी समोर लवंडते, आणि डोळा लागता लागता लेबलं हलू लागतात, पाण्यावर पानं हलावीत तशी. दुसरी इयत्ता बघितलेली बाई मी. अक्षरांशी तोंडओळख आहे, पण ती माझ्याशी बोलत नाहीत. मीही कधी त्यांच्या मिनतवाऱ्या केल्या नाहीत.

सुनेला सातवा महिना होता. तिच्या पोटात ठरायचं ते माझं लिंबूपाणीच. त्यासाठी मी चिनीमातीची किटली आणली होती, अशी पिवळी की ऊन तिच्यात राहायला आलंय असं वाटावं. रात्री लिंबं पिळून तीत ठेवायची, सकाळपर्यंत मुरू द्यायची, मग सुनेला कपभर. तीन महिने एक दिवस चुकले नाही.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "आई, हिच्यावर काही लिहिलं होतं का?"

"होतं ना. सासूला शहाणपण शिकवू नये."

ती हसली आणि प्यायली.

गेल्या आठवड्यात एका दुपारी नात शाळेतून आली. नुकतीच वाचायला लागलीय, मिठाची पिशवीसुद्धा सोडत नाही. मी अर्धी झोपेत, आणि ती दारासमोर उभी राहून मोठ्यानं वाचतेय. तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. "काच आहे, जपून हाताळा... धुऊन वापरा... शोभेची वस्तू. रंगात शिसं आहे. यात खाण्यापिण्याचे पदार्थ ठेवू नयेत."

"कुठलं गं ते?"

"पिवळ्या त्रिकोणाचं. तू किटलीवरून काढलंस ना, ते."

"शिसं म्हणजे पेन्सिलीतलं ना? तू तर रोज चघळतेस."

"पेन्सिलीत शिसं नसतंच आजी, बाईंनी सांगितलंय. शिसं विष असतं. बाळांना तर फारच."

पलीकडच्या खोलीत सून पोटावर हात ठेवून झोपली होती. किटली माझ्या हातून निसटली असती तर कुणाला काय कळणार होतं? चाळीस वर्षांत एक कप फोडला नाही मी, एक किटली फुटली असती. पण डॉक्टरीणबाईंना काय शोधायचं ते कोण सांगणार?

लेबल निघेना. माझी खळ मेली पक्की. शेवटी स्क्रू काढले, दारच काखेत मारलं आणि सुनेला उठवलं.

"चपला घाल. दवाखान्यात जायचंय."

"आई, दार कशाला?"

"वाटेत सांगते."

रस्ता उन्हात तरंगत होता. दारावरच्या सोनेरी कडा भिंतींवर कवडसे टाकत आमच्यापुढे चालल्या होत्या. शिंप्यानं मान वर केली. "आजीबाई, घर हलवताय?"

"तू आधी आपलं तोंड शिवून घे."

कोपऱ्यावर मी सुनेला सगळं सांगितलं. ती थांबली. कवडसेही थांबले.

"मी विचारलं होतं, आई."

"हो. विचारलं होतंस."

आयुष्यात एवढं जड वाक्य मी उचललं नव्हतं. दार त्यापुढे कापसाचं.

डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचलं, दोघींकडे बघितलं आणि सुनेचं रक्त घेतलं. दोन दिवस मी जेवले की नाही, आठवत नाही. डोळा लागला की दिसायचं, दार संथ पाण्यावर वाहतंय, त्यावर लेबलांच्या गोधडीत बाळ झोपलंय, आणि मी काठाकाठानं धावतेय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिसं आहे, पण थोडं. वेळेवर आलात. ती किटली बंद. महिन्यानं रक्त पुन्हा बघू, बाळावरही लक्ष ठेवू." सून सुटल्यासारखी रडली. मी पदर डोळ्यांना लावला नाही, नाकाला लावला.

आज सकाळी लिंबू पिळायला घेतलं. कपाटातून साधा काचेचा पेला काढला, कोरडा केला आणि सुनेपुढे धरला.

"बघ गं, काही लिहिलंय का."

तिनं पेला उजेडात फिरवला. "काही नाही, आई."

"बूड बघ. नीट बघ."