वर गच्ची, खाली छत

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही पुढे सरकावं, जागा आहे. आज एका स्लॅबचं आख्यान सांगतो. देवादिकांची कथा ऐकायला मन निर्मळ लागतं म्हणतात. या कथेला तेवढी अट नाही, कारण यात देव कमी आणि ठेकेदार जास्त आहेत.

तर एक प्रसूतिगृह होतं, नवंकोरं. सगळ्यात वरच्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड. भिंतींच्या रंगाचा वास गेला नव्हता तोच छतावर ओलीचे नकाशे उमटले आणि खिडकीजवळच्या खाटेवर पाणी टपकू लागलं. वॉर्डच्या सिस्टरने ती खाट हलवली. मग शेजारची हलवली. असं करता करता सगळ्या खाटा दाराशी येऊन दाटल्या. त्या पाहून तपासणीला आलेल्या बाई बजावून गेल्या, की छत दुरुस्त झालं नाही तर वॉर्डला कुलूप. पुढचं प्रसूतिगृह नदीपलीकडे, आणि रस्ता असा, की पोटातलं बाळ वाटेतच बाहेर येऊन विचारील, अजून किती लांब.

आता यात एक सोय होती. बांधकाम झाल्यावर ठरावीक मुदतीत दोष निघाला तर तो ठेकेदाराने पदरच्या खर्चाने दुरुस्त करायचा, आणि त्याने कानावर हात ठेवले तर बँकेने भरपाई द्यायची आणि मग ती त्याच्याकडून वसूल करायची. त्यासाठी बँकेचं हमीपत्र सरकारी कपाटात ठेवलेलं होतं. सिस्टर तक्रारीवर तक्रार करत होती आणि उत्तर यायचं, 'आपली तक्रार विचाराधीन आहे.' विचार इतका खोल चालला, की मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी करार अधिकारी हमीपत्र परत देऊन ठेकेदाराला मोकळं करायला म्हणून फाइल घेऊन स्वतः आले. त्यांना सगळे कलमसाहेब म्हणत. त्यांना जेवायला बोलावलं, तर कोणत्या कलमाखाली, असं विचारून मगच यायचे.

सिस्टरने बैठक मुद्दाम वॉर्डातच भरवली. एका बाजूला खाटा, दुसऱ्या बाजूला खुर्च्या.

ठेकेदार पाय पसरून बसले. "हे बघा साहेब, वरच्या जलरोधक थराचं काम आम्ही केलेलंच नाही. ते पोटठेकेदाराने केलं."

"हा कसला ठेकेदार म्हणाले?" कोपऱ्यातल्या बाळंतिणीने शेजारणीला विचारलं. "पोटाचा ठेका तर आपण घेतलाय."

"आणि आपल्याला पोटठेकेदारही मिळत नाही," शेजारीण म्हणाली.

पोटठेकेदार म्हणजे ठेकेदारांचा सख्खा मेहुणा. तो उठून उभा राहिला. "माझी हमी गच्चीची आहे. वर जाऊन बघा, गच्ची कोरडी ठणठणीत. पाणी पडतंय ते छतातून. छत भावोजींचं."

"छताची हमी माझी, मान्य," ठेकेदार म्हणाले, "पण छतात दोष कुठाय? पाणी काय छतात तयार होतं? ते वरून येतं. वर गच्ची आहे."

सिस्टर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "अहो, स्लॅब तर एकच आहे. वरून बघितली की गच्ची, खालून बघितली की छत."

"तेच तर," दोघे एका सुरात म्हणाले. घरात कधी न जुळलेला सूर इथे जुळला.

"मग पाणी आहे कुठे?"

"मध्ये," मेहुणा म्हणाला.

कलमसाहेबांनी फाइल उलटसुलट चाळली. "करारात गच्ची आहे, छत आहे. 'मध्ये' असा शब्द नाही."

पाणी कुठे मुरतंय असं आपण बोलण्यात म्हणतो. इथे ते सगळ्यांच्या देखत मुरत होतं, फक्त त्याला पत्ता नव्हता.

सिस्टरने विमा कंपनीच्या माणसालाही बोलावलं होतं. तो फार अदबीचा. "मॅडम, आमची पॉलिसी उत्तम आहे. छत कोसळलं तर पूर्ण भरपाई. गळलं तर मात्र काही नाही."

"म्हणजे कोसळायची वाट बघू?"

"तसं मी कसं म्हणेन? पण कोसळण्याआधी जरा कळवलंत, तर आम्हाला फोटो नीट काढता येतील."

सिस्टरने दाराकडे बघितलं. कुलूप तिला समोर दिसत होतं.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. ही ठेकेदारांची बायको आणि मेहुण्याची थोरली बहीण. फर्म तिच्या नावावर होती, कारण महिलांच्या फर्मला ठेका मिळताना झुकतं माप असतं. नाव बायकोचं, कारभार नवऱ्याचा. स्वयंपाकघरात पीठ मळता मळता तिने कितीतरी कागदांवर 'इथे, इथे आणि इथे' अशा सह्या केल्या होत्या. पण हमीपत्र मालकाच्याच हाती द्यायचं असं कलम होतं, म्हणून आज तिला यावंच लागलं.

खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून ती एका खाटेच्या कडेला टेकली. तिथल्या बाळंतिणीचं बाळ रडत होतं. हिने सवयीने उचललं, खांद्यावर घेतलं, आणि बाळाच्या टोपड्यावर वरून टप्पकन थेंब पडला.

तिने वर बघितलं. "हे कुणाचं पाणी?"

गच्ची, छत आणि मध्ये यांचं पारायण पुन्हा पहिल्यापासून झालं. तिने ते बाळाला थोपटत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अहो, या फर्मचा मालक कोण?"

"तू," ठेकेदार हसून म्हणाले, "म्हणजे कागदावर."

"मग इथे मघापासून काय चाललंय? कागदावरचंच ना?"

खाटांवरच्या बायका उठून बसल्या.

"आणि तू रे," ती भावाकडे वळली, "वर थर किती दिलेस?"

"ताई, दोन द्यायचे होते. भावोजी म्हणाले, एक दे, पण जाड दिसू दे."

"घरचं घरी बोलू," ठेकेदार पुटपुटले.

"घरी तुम्ही सापडता कुठे?" मग ती कलमसाहेबांना म्हणाली, "साहेब, हे हमीपत्र मी आज परत नेलं नाही तर काय होतं?"

"आज संध्याकाळी आपोआप रद्द होतं."

"आणि मालकाने चूक कबूल केली तर?"

कलमसाहेब प्रथमच गोंधळले. "तर दुरुस्ती होईपर्यंत हमीची मुदत वाढते. मालकाने तसं लिहून दिलं, की बँकेला मान्य करावंच लागतं."

"कलमात आहे?"

"कलमात आहे. रिवाजात नाही. आजवर असं कुणी केलेलं नाही."

"वेड लागलंय का तुला?" ठेकेदार उठले. "पुढे एक ठेका मिळायचा नाही."

"मग थोडे दिवस घरी बसा. पीठ मळायला मदत होईल."

तिने बाळ आईकडे दिलं, पदराला हात पुसले आणि लिहिलं, 'दोष आमचा. वरचा, खालचा आणि मधला.' खाली सही केली. या वेळी कुठे करायची, ते कुणी दाखवायची गरज पडली नाही.

बँकेचा धाक मानेवर बसला तेव्हा ठेकेदारांना गच्चीचा जिना सापडला. थर उखडला, दोन नवे चढले, पाणी थांबलं. खाटा आपापल्या जागी गेल्या आणि कुलूप दुकानातच राहिलं.

पुढे एका समारंभात 'रुग्णसेवेची जाण असलेला बांधकाम व्यावसायिक' म्हणून ठेकेदारांचा सत्कार झाला. भाषणात ते म्हणाले, दोष दिसला की मी स्वतःहून पुढे होतो. टाळ्या भरपूर पडल्या. फर्म मात्र त्यांनी आता स्वतःच्या आईच्या नावावर केली आहे. म्हातारीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, आणि सही कुठेही घ्या, ती देते.

तर मंडळी, उठण्याआधी एवढं करा. घरी देवापुढे हात जोडाल तेव्हा तुमच्या माणसांसाठी मागाल, ते मागाच. त्यासोबत त्या मालकीणबाईंची घटकाभर आठवण काढा. त्या वॉर्डाच्या भिंतीवर वास्तुविशारदाचं, ठेकेदाराचं, उद्घाटन करणाऱ्याचं, सगळ्यांचं नाव कोरलेलं आहे. तिचं नाही.